दवाखान्यांचा तक्ता नको, हातात मावेल असा कागद करा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुळे सोलापुरातलं तुमचं गणेशोत्सव मंडळ यंदा देखाव्याचा खर्च कमी करून शहरातल्या ४० दवाखान्यांची माहितीपुस्तिका काढतंय. खाटा, दर, सोयी, गुगलवरचे तारे, सिझरची टक्केवारी, जमलंच तर मृत्यूंची टक्केवारी असे १८ रकाने झालेत. यातलं काय ठेवावं आणि काय गाळावं, म्हणजे लोकांना आपापला दवाखाना नीट निवडता येईल?

मी २४ वर्षं एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन सकाळी एका मदतकक्षात बसते. त्या खुर्चीवरून सांगते: रकान्यांचा विचार नंतर करा. पुस्तिका हातात घेणारा माणूस त्या घटकेला काय ठरवतोय, ते आधी बघा. रात्री दोन वाजता वडिलांचं तोंड वाकडं झालेला मुलगा, दिवाळीनंतर आईचा मोतीबिंदू काढायचं ठरवणारी सून आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मंगळवेढ्याहून येणारा माणूस, या तिघांना एकच तक्ता दिलात तर तिघांच्याही उपयोगाचा नाही.

हे मी चुकून शिकले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला जिल्हा होता. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांना मोफत उपचार. मी उत्साहानं पाठपोट छापील कागद तयार केला. योजनेत तेव्हा ९७२ उपचार होते, त्यातले शंभरेक तरी मी त्यावर कोंबले. महिन्याभरानं विडी घरकुलातली एक बाई आली, नवऱ्याला किडनीचा त्रास. माझा कागद तिच्या पिशवीत होता, रेशनकार्डाला गुंडाळलेला. मी तो उलगडून समजावायला लागले, तर म्हणाली, “अक्का, हे ऱ्हाऊ दे. कुठल्या दारातनं आत जायाचं ते सांग की.”

तिला चारच गोष्टी हव्या होत्या. कुठलं दार, कुठली खिडकी, सोबत कुठले कागद आणि कुणी पैसे मागितले तर काय म्हणायचं. मी त्या कागदावर दार लिहिलंच नव्हतं. पुढच्या खेपेला अर्ध्या पानाचा कागद केला: रेशनकार्ड आणि आधार आणा, आत आल्यावर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, कुठं बसतात ते विचारा, भरती व्हायच्या आधी नोंद करून घ्या, अडलं तर या नंबरवर फोन करा. आता योजनेचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं आहे आणि मदतीचा क्रमांक १५५३८८. पण कागदाचा साचा मी बदललेला नाही.

तातडीच्या वेळेचं आधी उरकते. तिथं निवड नसतेच, घाई असते. लकव्याच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि ते देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन हवा. म्हणून पहिल्या पानावर एवढंच येऊ द्या: रात्री सीटी स्कॅन कुठं चालू असतो, छातीत दुखलं तर ईसीजी लगेच कुठं निघतो, साप चावल्यावर लस कुठं मिळते, आणि १०८. अक्कलकोट, मोहोळकडचा माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला, मग सोलापूरला असा येतो, आणि त्यात तीन तास जातात. त्याला दरपत्रकाचा काय उपयोग? डायलिसिसवाल्याचंही लवकर सांगून होतं. त्याला तारे नकोत, यष्टी हवी. पाळी किती वाजताची, परतीची गाडी मिळते का, काविळीच्या रुग्णांसाठी मशीन वेगळं आहे का, योजनेत बसतं का.

राहिला तो सवडीनं निवड करणारा. तुमची पुस्तिका खरं तर त्याचीच आहे, आणि गुंतागुंतही इथंच आहे.

दोन वर्षांमागं एक चौतिशीतली बाई आली. ऊसतोडीला जाणारी, जिल्ह्यातलीच. विचारलं, “पिशवी काढायला कुठला दवाखाना स्वस्त पडंल?” तुमचा तक्ता माझ्यापाशी असता तर मी बोट फिरवून तीन नावं दिली असती आणि तिचं नुकसान केलं असतं. कारण कुठं काढायची याच्या आधी, काढायची का, हा प्रश्न होता. तो तिला कुणी विचारूच दिला नव्हता. मी तिला डॉक्टरांपुढं विचारायला चार वाक्यं लिहून दिली. नाही काढली तर काय होईल? गोळ्यांनी किती महिने बघता येईल? पिशवी काढताना अंडाशय ठेवणार का? दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवू का? तिनं पुढं काय केलं ते तिचं तिच्यापाशी. पण दवाखान्यांची यादी वाचणाऱ्याला न सांगता एक गोष्ट सांगून टाकते: ऑपरेशन ठरलेलंच आहे, फक्त जागा निवडा. म्हणून यादीच्या आधी असे प्रश्न छापा. माझ्या मते पुस्तिकेतलं सगळ्यात मोलाचं पान ते असेल.

आता दर. लोकांना दर हवेच असतात, गाळा असं म्हणणार नाही. पण उघडावाघडा आकडा दोन तऱ्हांनी फसवतो. एक म्हणजे दुसरी कसलीच खूण नसेल तर माणूस महाग तेच चांगलं समजतो. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ज्युडिथ हिबार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही पुष्कळ लोकांनी कमी दराचा अर्थ कमी दर्जा असा लावला होता. दराशेजारी गुणवत्तेची सोपी, ठळक खूण दिली तेव्हा निवड सुधारली. मोतीबिंदूचं एक घर मला आठवतं. १४ हजार आणि ३० हजार असे दोन आकडे हातात होते, आणि सुनेनं तीस हजारवाला धरला, कारण “सासूबाईंच्या डोळ्याचा प्रश्न आहे, उद्या कुणी बोलायला नको.” दोन्हीकडच्या लेन्समध्ये फरक काय, ते तिनं विचारलंच नव्हतं.

दुसरी फसगत ‘पॅकेज’ या शब्दात आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. नंतर ती वेळोवेळी बदलली. पण त्या महिन्यात आमच्याकडं येणारे लोक समजत होते की अँजिओप्लास्टीच आता तीस हजारांत होते. स्टेंट म्हणजे बिलातली एक ओळ. कॅथलॅब, डॉक्टरांची फी, बलून, आयसीयूचे दिवस, औषधं हे सगळं त्याच्या खाली असतं. तेव्हा दर द्यायचा तर असा द्या: यात काय आलं, यात काय नाही, आणि काही बिघडून दोन दिवस जास्त राहावं लागलं तर रोजचा खर्च किती. तिसरी ओळ देता येत नसेल तर पहिला आकडाही छापू नका, असं माझं मत आहे. दुसऱ्या कुणाचं वेगळं असू शकतं. महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या जानेवारीत सुधारणा झाली, आणि तेव्हापासून खासगी दवाखान्यांनी दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. तुम्ही दर छापलेत तर ते गौरी-गणपती उठेपर्यंत जुने होतील. त्यापेक्षा ‘आत गेल्यावर दरफलक बघा, दिसला नाही तर मागा’ हे वाक्य दोन वर्षं टिकेल.

मग टक्केवारी. इथं जरा थांबते, कारण तुमच्या अठरापैकी दोन रकाने मला थेट काढून टाकावेसे वाटतात.

यंत्रमागावर जॉबर (माग जुळवणारे, दुरुस्त करणारे) असलेले एक गृहस्थ बायपाससाठी भरती होते. सर्जननं सांगितलं होतं, ९८ टक्के यश. वडिलांनी ऐकलं की होणारच. मुलानं ऐकलं की दोन टक्के जातात. दोघं माझ्यासमोर बसून भांडत होते. मी म्हटलं, मामा, असं धरा की मागावरनं शंभर चादरी निघाल्या. अठ्ठ्याण्णव चांगल्या, दोन डागी. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “त्या दोन डागी निघतात त्या सुतामुळं, का मागामुळं?”

एवढा नेमका प्रश्न मी कुठल्या परिषदेतही ऐकलेला नाही. सूत म्हणजे आलेला रुग्ण: वय, साखर, तंबाखू, किडनी, किती उशिरा आला. माग म्हणजे दवाखाना. मृत्यूंची नुसती टक्केवारी दोन्ही एकत्र मोजते. १९८६ मध्ये अमेरिकन सरकारनं वृद्धांच्या विम्याच्या नोंदींवरून रुग्णालयनिहाय मृत्युदर जाहीर केले, तेव्हा यादीत सगळ्यात वाईट ठरली ती मरणासन्न रुग्णांचीच सेवा करणारी एक संस्था. पुढं न्यूयॉर्क राज्यानं हृदयशस्त्रक्रियांसाठी रुग्णाचा धोका आधी हिशेबात धरून मृत्युदर काढायची पद्धत बसवली. पण त्यासाठी प्रत्येक रुग्णाची तपशीलवार नोंद, ती तपासणारी यंत्रणा आणि राज्याचा हुकूम लागला. तुमच्या मंडळाकडे यातलं काय आहे? आपल्या सर्वोपचार रुग्णालयात इतर ठिकाणाहून शेवटच्या घटकेला पाठवलेली माणसं येतात. त्यांचा आकडा एखाद्या लहान नर्सिंग होमशेजारी छापलात तर तुम्ही खोटं बोलला नाहीत, तरी लोकांना खोटंच समजेल.

सिझरचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारी ठिकाणी १४.३ टक्के. एवढ्या तफावतीवर शंका घ्यायला जागा आहे, हे मी मान्य करते, आणि घ्यावीच. पण अमुक एका डॉक्टरणीचा आकडा बघून तिच्याविषयी काही ठरवता येत नाही. इंडीहून, अक्कलकोटहून आधीच अडलेल्या बायका जिच्याकडे येतात, तिचा आकडा चढाच राहणार. गरोदर बाईला रकान्यापेक्षा हे विचारायला शिकवा: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणता? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर इथंच, का दुसरीकडे न्यावं लागेल? पहिलं सिझर असेल तर दुसऱ्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता का? उत्तर देताना समोरचा माणूस चिडतो का, तेही कळतंच.

जिथं आकडा द्यावाच लागेल, तिथं शंभर किंवा हजार माणसांवर द्या, आणि दोन्ही बाजूंनी द्या. ‘शंभरातले ९८ बरे होऊन घरी जातात, दोन दगावतात’ असं एकाच वाक्यात. १९८२ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया की किरणोपचार, असं लोकांना विचारलं होतं. आकडे तेच ठेवून एकदा ‘इतके जगतात’ आणि एकदा ‘इतके दगावतात’ असं सांगितलं. ‘जगतात’ म्हटल्यावर शस्त्रक्रिया निवडणारे वाढले, आणि त्यात डॉक्टरही होते. ‘दुप्पट धोका’ हा शब्द तर वापरूच नका. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका दुप्पट होतो अशी सूचना निघाली. प्रत्यक्षात सात हजारांत एकाऐवजी दोन, एवढीच वाढ होती. घाबरून बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३ हजारांनी वाढले. माहिती खरी होती, मांडणी तेवढी चुकली.

जॉबरमामांना मी काय उत्तर दिलं, ते राहिलंच. मी म्हटलं, मला माहीत नाही, सर्जनला विचारू. सर्जन भले निघाले. त्यांनी खाट ओढून बसून सांगितलं की तुमची साखर आणि विडी सुताच्या बाजूला येते, आणि आमच्याकडं अशा किती केसेस होतात ते मागाच्या बाजूला. ऑपरेशन तीन आठवडे पुढं गेलं, तेवढ्यात साखर आटोक्यात आली आणि विडी सुटली. म्हणून ‘तुम्ही हे ऑपरेशन वर्षाला किती करता?’ हा प्रश्न पुस्तिकेत नक्की घाला. छापील उत्तर मात्र नको, ते डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकू द्या.

ताऱ्यांबद्दल थोडक्यात. पाच तारे बहुधा स्वागतकक्षाला असतात आणि एक तारा पार्किंगला. तरी ते निरुपयोगी नाहीत. तीन तारेवाले लोक जपून लिहितात, ते वाचा. बिलाबद्दलची एकच तक्रार पाच जण वेगवेगळ्या महिन्यांत करत असतील तर तिची दखल घ्या. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयं तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं मानांकन असेल तर छापा, पण सोबत सांगा की ते कामाच्या पद्धती आणि सुरक्षितता तपासून मिळतं, तुमच्या आईचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या हाताची ती खात्री नाही.

इथवर आलं ते एकदा गोळा करते: पहिलं पान तातडीचं, मग प्रश्नांचं पान, मग दवाखान्यांची यादी. यादीत रकाने चार-पाचच ठेवा. कुठल्या उपचाराला, योजनेत आहे का, रात्री कोण असतं, पत्ता आणि दार, आणि ही माहिती कुठल्या तारखेला तपासली. तारखेचा रकाना लोक विसरतात. डॉक्टर दवाखाना बदलतात, योजनेतून दवाखाने आत-बाहेर होतात.

आणखी दोन अडचणी तुमच्या प्रश्नात नव्हत्या, पण आडव्या येणार. पहिली भाषेची. आपल्याकडं येणाऱ्या पुष्कळ घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, पण वाचायची सवय मराठीची असते, किंवा नसतेच. तेव्हा पुस्तिका चार लिप्यांत छापण्यात पैसे घालू नका. प्रश्नांचं पान तेलुगू, कन्नड आणि उर्दूत कुणा घरातल्या बाईच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सॲपवर सोडा. फोनमधल्या भाषांतरावर विसंबू नका. आमच्याकडं एकदा त्यानं ‘उपाशीपोटी या’चं असं काही केलं की माणूस जेवून आला आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. शिवाय निवड रुग्ण एकटा करतच नाही. मेव्हणा, सरपंच, गावचा डॉक्टर आणि रिक्षावाला मिळून करतात. पेनसिल्व्हेनियात हृदयशस्त्रक्रियेचे मृत्युदर वर्षानुवर्षं छापून झाल्यावर रुग्णांना विचारलं, तर ऑपरेशनआधी त्या अहवालाची कल्पना होती अशांचं प्रमाण १२ टक्के निघालं. म्हणून प्रती आशाताईंकडे आणि फॅमिली डॉक्टरांकडे आधी द्या, आरतीच्या वेळी वाटायच्या त्या नंतर. पाठवणाऱ्याला पाठवल्याबद्दल काही मिळतं का, हा प्रश्नही त्या पानावर असू द्या. त्यानं काही लोक तुमच्यावर रागावतील.

दुसरी अडचण वर्गणीची. छपाईचा खर्च निघावा म्हणून मागच्या पानावर कुण्या दवाखान्याची जाहिरात घ्यावी, असं कुणीतरी सुचवेलच. मंडळात चालत आलेली रीत आहे, मला माहीत आहे. पण मग आतल्या चाळीस ओळी कुणी खऱ्या मानणार नाही, आणि मानूही नये. चादरीच्या दुकानाची घ्या, शेंगाचटणीची घ्या. दवाखाना, लॅब आणि औषधाचं दुकान ही तिन्ही नकोत. मुखपृष्ठावर ‘या पुस्तिकेसाठी कुठल्याही दवाखान्याकडून पैसे घेतलेले नाहीत’ असं लिहिता आलं पाहिजे.

छपाईआधी एक काम करा. झेरॉक्सच्या वीस प्रती काढा आणि विडी कारखान्यात पानं-तंबाखू घ्यायला बायका येतात त्या वेळी तिथं जाऊन उभे राहा. कागद द्या, वाचू द्या, किंवा वाचून दाखवा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. विचारा, “मावशी, उद्या मालकांच्या छातीत दुखलं तर या कागदावरनं तुम्ही काय कराल?” ती जिथं अडेल ती ओळ खोडा आणि तिच्याच शब्दांत पुन्हा लिहा. माझ्या अर्ध्या पानाला असे पाच फेरे लागले होते.